‘जिप’ : फसवणुकीच्या एका शब्दामागील जमातीचा इतिहास

गोषवारा

इंग्रजी बोलीत, विशेषतः अमेरिकन इंग्रजीत, ‘फसवणे’ किंवा ‘लुबाडणे’ या अर्थाने ‘जिप’ हे क्रियापद रूढ आहे. ‘जिप्सी’ या जमातवाचक नावाचे ते संक्षिप्त रूप असल्याचे बहुतेक कोशकार मानतात. प्रस्तुत लेखात या शब्दाचा अर्थ, त्याच्या व्युत्पत्तीविषयीची मते, ‘जिप्सी’ या नावाची घडण आणि त्यामागील कायदेशीर व सामाजिक इतिहास यांचा परामर्श घेतला आहे. जमातीवर फसवेपणाचा शिक्का शब्दाने मारला नाही. कायद्याने आणि लोकसमजुतीने आधीच मारलेला शिक्का शब्दाने पुढे वाहून नेला, असे या विवेचनातून दिसते. शेवटी मराठीतील ‘भामटा’ या शब्दाच्या संदर्भात या अभ्यासाचे प्रयोजन स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : जिप, जिप्सी, रोमा, व्युत्पत्ती, गुन्हेगार जमाती, भामटा, विमुक्त जाती.

प्रस्तावना

शब्दकोश हा समाजाच्या ज्ञानाचा जसा संग्रह असतो, तसाच तो त्याच्या पूर्वग्रहांचाही संग्रह असतो. राजवटी बदलतात, कायदे रद्द होतात. मात्र त्या काळात रुळलेला शब्द सहजासहजी जात नाही. तो वापरणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही. किंबहुना बहुतेकांना त्याचे मूळ ठाऊकही नसते. इतिहासाच्या अभ्यासकाला असे शब्द म्हणूनच मोलाचे वाटतात. ज्या काळाची कागदपत्रे दप्तरखान्यात बंद झाली, तो काळ या शब्दांच्या रूपाने लोकांच्या तोंडी वावरत असतो.

इंग्रजीतील ‘जिप’ हा असाच एक शब्द आहे. दुकानदाराने जास्त पैसे घेतले, सौद्यात खोट आली किंवा ठरलेला वाटा मिळाला नाही, तर ‘मला जिप केले’ असे अमेरिकेत अनेक दशके सहजपणे म्हटले जात आले. महागड्या व फसव्या दुकानाला ‘जिप जॉइंट’ म्हणण्याचीही तेथे पद्धत होती. आजचे प्रमुख इंग्रजी कोश या शब्दापुढे तो अवमानकारक असल्याची किंवा तसा समजला जाण्याची शक्यता असल्याची सूचना देतात. ही सूचना का द्यावी लागली, या प्रश्नाचे उत्तर एका जमातीच्या सुमारे सहाशे वर्षांच्या युरोपीय इतिहासात सापडते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) ‘जिप’ या शब्दाचे अर्थ व व्युत्पत्ती तपासणे. (२) ‘जिप्सी’ या नावाशी फसवणुकीचा आरोप कसा जोडला गेला, याचा ऐतिहासिक शोध घेणे. (३) या प्रक्रियेचे भारतीय व विशेषतः मराठी भाषाव्यवहाराशी असलेले साम्य दाखवणे. लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कोशगत नोंदी, कायद्यांचा इतिहास आणि भाषाशास्त्रीय संशोधन यांचा आधार घेतला आहे.

१. शब्दाचा अर्थ व व्युत्पत्तीविषयक मते

‘जिप’ या एकाच रूपाचे तीन वेगळे शब्द इंग्रजीत आढळतात आणि त्यांची गल्लत होऊ न देणे ही व्युत्पत्तिविचाराची पहिली अट आहे. पहिला शब्द केंब्रिज विद्यापीठातील आहे. तेथील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या सेवकाला अठराव्या शतकापासून ‘जिप’ म्हणत. त्याचा संबंध स्वयंपाकघरातील हलक्या नोकराला उद्देशून वापरल्या जाणाऱ्या ‘जिप्पो’ या जुन्या शब्दाशी, आणि त्यामार्गे आखूड अंगरख्याच्या फ्रेंच नावाशी जोडला जातो. ग्रीक भाषेतील ‘गिधाड’ या अर्थाच्या शब्दापासून तो आला, अशी एक गमतीची व्युत्पत्तीही विद्यार्थ्यांत प्रचलित होती. तिला भाषाशास्त्रीय आधार नाही. दुसरा शब्द ब्रिटिश बोलीतील असून दुखणे किंवा त्रास असा त्याचा अर्थ आहे. दुखऱ्या गुडघ्याने ‘जिप दिला’ असे तेथे म्हणतात. घोड्याला हाकताना केल्या जाणाऱ्या ‘जी-अप’ या आवाजापासून तो झाला असावा, असे मानले जाते.

फसवणुकीच्या अर्थाचा तिसरा शब्द या दोहोंहून वेगळा आहे. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत छापील रूपात दिसू लागतो. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘सेंच्युरी डिक्शनरी’ या अमेरिकन कोशाने या शब्दाची नोंद घेताना तो बहुधा ‘जिप्सी’चे संक्षिप्त रूप असल्याचे म्हटले आहे. ‘बहुधा’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जमातीच्या नावापासून क्रियापदापर्यंतची प्रत्येक पायरी दाखवणारा सलग लेखी पुरावा उपलब्ध असतो असे नाही, कारण बोलीतील शब्द लेखनात उतरण्यापूर्वी दीर्घकाळ तोंडी फिरत असतात. तरीही तीन गोष्टी या व्युत्पत्तीच्या बाजूने आहेत. रूपाच्या दृष्टीने ‘जिप्सी’चे ‘जिप’ होणे स्वाभाविक आहे. शब्द वापरात आला त्याच काळातील कोशकाराला हा संबंध जाणवला होता. शिवाय जमातीवरील फसवेपणाचा आरोप या शब्दाच्या आधी साडेतीनशे वर्षांपासून इंग्रजी कायद्यात आणि लोकसमजुतीत रुजलेला होता. यांतील तिसरा मुद्दा सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

२. ‘इजिप्शियन’ ते ‘जिप्सी’ : चुकीच्या नावाचा प्रवास

‘जिप्सी’ हे नाव मुळात ‘इजिप्शियन’ या शब्दाचा अपभ्रंश आहे. या जमातीचा इजिप्तशी काहीही संबंध नसताना हे नाव तिला कसे मिळाले? पंधराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून पश्चिम व मध्य युरोपातील नगरांच्या नोंदींत सावळ्या वर्णाच्या, टोळीने फिरणाऱ्या लोकांचे उल्लेख येऊ लागतात. हे लोक आपण ‘छोट्या इजिप्त’मधून आलो असून धर्मत्यागाचे प्रायश्चित्त म्हणून यात्रा करीत आहोत, असे सांगत. सम्राट सिगिस्मुंडने १४२३ मध्ये त्यांच्या एका नायकाला संरक्षणपत्र दिले होते. १४२७ मध्ये अशी एक टोळी पॅरिसजवळ येऊन राहिली आणि तिला पाहण्यासाठी शहरातून लोकांची रीघ लागली. हात पाहून भविष्य सांगण्याच्या त्यांच्या व्यवसायावर धर्मसत्तेची वक्रदृष्टी झाली, आणि ज्यांनी हात दाखवले त्या नागरिकांनाही बिशपने दोषी ठरवले. ‘छोटे इजिप्त’ हे नाव ग्रीसच्या दक्षिणेकडील मेथोनी या बंदराजवळील त्यांच्या वस्तीला प्रवाशांनी दिले होते, असे अनेक अभ्यासक मानतात.

यात्रेकरूंना दान देणे हे मध्ययुगीन युरोपात पुण्यकर्म होते. त्यामुळे आरंभी या लोकांचे स्वागत झाले. पण वर्षे लोटली तरी यात्रा संपेना, तेव्हा आश्रयाची जागा संशयाने घेतली. हे खरे यात्रेकरू नाहीत, खरे इजिप्शियनही नाहीत, हे सोंग आहे, अशी धारणा बळावली. फसवणुकीचा पहिला आरोप असा त्यांच्या ओळखीवरच झाला. आधी त्यांचे नाव खोटे ठरले, मग माणसे खोटी ठरली.

युरोपातील दुसऱ्या नावाचीही हीच गत झाली. बायझंटाईन साम्राज्यात ‘अथिंगनोई’ नावाचा एक पाखंडी मानला गेलेला पंथ होता आणि भविष्यकथनासाठी तो प्रसिद्ध होता. त्याचे नाव या नवागतांना चिकटले. जर्मन ‘त्सिगॉयनर’, फ्रेंच ‘त्सिगान’, इटालियन ‘झिंगारो’ ही रूपे त्यापासूनच आली. जर्मन भाषेत मात्र ‘भटकणारे लफंगे’ अशा अर्थाच्या दोन शब्दांची सांगड घालून ‘त्सिगॉयनर’ची लोकव्युत्पत्ती सांगितली जाऊ लागली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती पूर्णतः चुकीची आहे. पण समाजमन नावात काय ऐकू इच्छित होते, याचा ती पुरावा आहे. इंग्रजीत नावापासून ‘फसवणे’ हे क्रियापद निघाले, जर्मनमध्ये ‘फसवणारा’ या अर्थापासून नावाची उत्पत्ती लावली गेली. दिशा उलट असली तरी समीकरण एकच होते.

३. कायद्याची भाषा

इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये हे लोक सोळाव्या शतकाच्या आरंभी पोहोचले. स्कॉटलंडच्या राजाने १५०५ मध्ये ‘इजिप्शियनां’ना रक्कम दिल्याची नोंद आहे. पण पंचवीस वर्षांच्या आत चित्र पालटले. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५३० मध्ये ‘इजिप्शियन्स ॲक्ट’ संमत झाला. स्वतःला इजिप्शियन म्हणवून घेणारे हे परकीय लोक कोणताही धंदा वा व्यापार करीत नाहीत, हात पाहून भविष्य सांगण्याच्या मिषाने प्रजेची चलाखीने फसवणूक करतात व पैसे काढतात, असे या कायद्याच्या प्रास्ताविकात म्हटले होते. त्यांना सोळा दिवसांत देश सोडण्याचा हुकूम झाला आणि नव्याने येणाऱ्यांचा माल जप्त करण्याची तरतूद झाली.

येथे दोन बाबी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, कायद्याने ‘स्वतःला इजिप्शियन म्हणवून घेणारे’ असा शब्दप्रयोग केला, म्हणजे नावाविषयीचा संशय कायद्यात उतरला. दुसरी अशी की, फसवणूक हे कोणा एका व्यक्तीचे कृत्य न राहता संपूर्ण समूहाचा स्वभाव मानले गेले. पुढचे कायदे याच वाटेने अधिक कठोर होत गेले. मेरी राणीच्या काळातील १५५४च्या कायद्याने मुदतीनंतर देशात राहणाऱ्यांसाठी देहदंडाची तरतूद केली. १५६२ मध्ये एलिझाबेथ राणीच्या काळात ही तरतूद त्यांच्या संगतीत राहणाऱ्यांना, तसेच त्यांचा वेश व भाषा घेऊन वावरणाऱ्यांनाही लागू झाली. गुन्हा काय केला हे विचारण्याची आता गरज उरली नव्हती. कोण आहेस, एवढ्यावर शिक्षा ठरत होती. हा कायदा १७८३ मध्ये रद्द झाला. दोन शतकांहून अधिक काळ जी भाषा राजाज्ञेची होती, ती कायदा रद्द झाल्याने बोलीतून नाहीशी होईल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होते.

युरोपच्या पूर्वेकडे परिस्थिती आणखी बिकट होती. वालाकिया व मोल्दाविया या आजच्या रुमानियाशी संबंधित प्रदेशांत ही जमात चौदाव्या शतकापासून गुलामगिरीत होती. राजाच्या, मठांच्या व सरदारांच्या मालकीची मालमत्ता म्हणून त्यांची खरेदी-विक्री होत असे. ही गुलामगिरी १८५५-५६ मध्ये संपुष्टात आली. जी माणसे स्वतःच विकली जात होती, त्यांनाच युरोपच्या लोककथांनी मुले पळवणारी व माल लुबाडणारी म्हणून रंगवावे, हा इतिहासातील मोठा विपर्यास आहे.

४. घोडेबाजार आणि अमेरिकन बोली

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील रोमानिचल जिप्सी मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या पूर्व युरोपीय रोमांचे स्थलांतर त्यापाठोपाठ १८८०च्या दशकापासून वाढले. रोमानिचल लोकांचा तेथील प्रमुख व्यवसाय घोड्यांची खरेदी-विक्री हा होता. मोटारगाडी येण्यापूर्वीच्या शेतीप्रधान अमेरिकेत घोडा ही कुटुंबाची मोठी गुंतवणूक असे. घोड्याचे वय, खोड किंवा आजार लपवून सौदा करणे ही त्या बाजाराची सार्वत्रिक चाल होती. तिच्यात स्थानिक शेतकरी, व्यापारी, दलाल असे सगळेच सामील असत. पण स्थानिक व्यापाऱ्याने फसवले, तर त्याचे नाव घेऊन तक्रार होई. फिरत्या जिप्सीने फसवले, तर जमातीचे नाव घेऊन होई. सौदा झाल्यावर तळ हलवणाऱ्या माणसाचे वैयक्तिक नाव कोणाला ठाऊक नसे. त्यामुळे जमातीचे नाव हेच त्याचे नाव झाले, आणि यथावकाश तेच कृत्याचेही नाव बनले.

‘जिप’ या नामाचा लुच्चा घोडेव्यापारी हा अर्थ जुन्या नोंदींत आढळतो, तो या पार्श्वभूमीशी जुळतो. अमेरिकन घोडशर्यतीच्या परिभाषेतही मोजके घोडे बाळगून मैदानोमैदान फिरणाऱ्या मालक-प्रशिक्षकाला ‘जिप’ म्हणत. तेथे फसवणुकीपेक्षा भटकेपणाचा अर्थ प्रधान आहे. एकाच नावाचे हे दोन अर्थ शेजारी ठेवले, म्हणजे भटकेपणा आणि लबाडी यांची समाजाने घातलेली सांगड स्पष्ट दिसते.

शब्दाला कायद्याची साथ येथेही मिळाली. न्यू जर्सी राज्यात १९१७ मध्ये जिप्सींच्या फिरण्यावर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार स्थानिक संस्थांना देणारा कायदा झाला आणि तो १९९८ मध्ये रद्द झाला. म्हणजे मानवी हक्कांची जागतिक उद्घोषणा होऊन पन्नास वर्षे होईपर्यंत तो कायद्याच्या पुस्तकात टिकून होता.

५. भाषाशास्त्राची साक्ष

ज्यांना ‘खोटे इजिप्शियन’ ठरवले गेले होते, ते मूळचे कोण, याचे उत्तर त्यांच्या भाषेने दिले. जर्मन अभ्यासक योहान रूडिगर यांनी १७८२ मध्ये, आणि लगोलग १७८३ मध्ये हाइनरिख ग्रेलमान यांनी रोमानी भाषेचा भारतीय भाषांशी असलेला संबंध दाखवून दिला. मराठी वाचकाला हा पुरावा तपासण्यासाठी कोशाची फारशी गरज भासणार नाही. रोमानीत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’, माणसाला ‘मानुश’, काळ्याला ‘कालो’ म्हणतात. एक, दोन, तीन, पाच, दहा यांसाठी ‘येक’, ‘दुय’, ‘त्रिन’, ‘पांज’, ‘देश’ असे शब्द आहेत. सात, आठ, नऊ यांसाठीचे शब्द मात्र ग्रीक भाषेतून घेतलेले आहेत. प्रवासाचा मार्ग असा भाषेतच कोरला गेला आहे. ‘रोम’ या त्यांच्या स्वतःच्या नावाचा संबंध ‘डोम’ किंवा ‘डोंब’ या भारतीय जातिनामाशी अनेक भाषाशास्त्रज्ञ जोडतात.

राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये रोमानीचे भारतीय-आर्य भाषांतील स्थान निश्चित करण्याचा प्रयत्न केला. या भाषेचा आरंभ मध्य भारतीय गटात होऊन पुढे ती दीर्घकाळ वायव्येकडे राहिली, असे त्यांचे प्रतिपादन होते. मराठी भाषेच्या घडणीवर १९२० मध्ये पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध करणारे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांनीच १९५३ मध्ये जिप्सींवरील फ्रेंच पुस्तक लिहिले, ही बाब मराठीच्या अभ्यासकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. मराठी आणि रोमानी या दूरच्या बहिणींचा अभ्यास एकाच विद्वानाच्या टेबलावर झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानेही सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून झालेल्या स्थलांतराला पुष्टी दिली आहे.

परंतु ज्ञानाने पूर्वग्रह आपोआप मावळत नाही. ज्या १७८२ मध्ये रूडिगर यांचे संशोधन आले, त्याच वर्षी हंगेरीत नरमांसभक्षणाच्या आरोपावरून अनेक रोमांना फाशी देण्यात आले. नंतरच्या चौकशीत तो आरोप निराधार ठरला. भारतीय उगम सिद्ध करणाऱ्या ग्रेलमान यांनीही आपल्या ग्रंथात या लोकांचे चित्रण आळशी व चोरटे म्हणून केले आणि त्याचे मूळ त्यांच्या भारतीय, हीन जातीत असल्याचे सुचवले. युरोपीय तुच्छतेला भारतीय जातिव्यवस्थेचा असा आधार मिळाला.

६. शब्दाचा शेवट कोठे होतो

एका बोलीतील शब्दाला इतके महत्त्व का द्यावे, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर विसाव्या शतकातील जर्मनीत सापडते. हाइनरिख हिमलरने डिसेंबर १९३८ मध्ये ‘जिप्सी उपद्रवा’चा बंदोबस्त वांशिक तत्त्वावर करण्याचा आदेश काढला. डिसेंबर १९४२ च्या आदेशानंतर सुमारे तेवीस हजार सिंती व रोमांना आउशवित्झ येथे पाठवण्यात आले. तेथील कुटुंबछावणीतील उरलेल्या हजारो माणसांना २ ऑगस्ट १९४४च्या रात्री विषारी वायूने ठार करण्यात आले. संपूर्ण युरोपात या संहाराला बळी पडलेल्या रोमांची संख्या दोन ते पाच लाखांच्या दरम्यान असल्याचे अंदाज आहेत.

युद्धोत्तर काळातील एक निकाल प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जानेवारी १९५६ मध्ये असा निर्णय दिला की, १९४३ पूर्वी जिप्सींवर झालेली कारवाई वांशिक छळ नसून त्यांच्या समाजविघातक व गुन्हेगारी प्रवृत्तीमुळे केलेली पोलिसी उपाययोजना होती. परिणामी अनेक वाचलेल्यांची भरपाई नाकारली गेली. हिटलरची राजवट संपून अकरा वर्षे झाली होती, न्यायाधीश लोकशाही राज्यघटनेखाली काम करीत होते, आणि तरीही ‘जिप्सी म्हणजे लबाड’ हे समीकरण त्यांना पुराव्याविना ग्राह्य वाटले. या भूमिकेत १९६३ मध्ये अंशतः दुरुस्ती झाली. जर्मन सरकारने वंशसंहाराची अधिकृत कबुली १९८२ मध्ये दिली आणि बर्लिनमधील स्मारक २०१२ मध्ये उभे राहिले. शब्दातील पूर्वग्रहाची किंमत काय असते, याचा हिशेब या तारखांत आहे.

लंडनजवळ ८ एप्रिल १९७१ रोजी भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेने ‘रोमा’ हे नाव पुरस्कृत केले आणि निळ्या-हिरव्या ध्वजावर चक्र स्वीकारले. भारतीय राजनैतिक अधिकारी व भाषाभ्यासक वीर राजेंद्र ऋषी यांचा या चळवळीशी निकटचा संबंध होता. ब्रिटनमध्ये मात्र अनेक रोमानिचल कुटुंबे स्वतःला आजही अभिमानाने ‘जिप्सी’ म्हणवतात, आणि २०११च्या जनगणनेत हा पर्याय प्रथमच देण्यात आला. याचा अर्थ असा की, आक्षेप ‘जिप्सी’ या नावाच्या प्रत्येक वापराला नाही. नावाचे कृत्यात, तेही निंद्य कृत्यात, रूपांतर करण्याला आहे.

७. मराठी भाषाव्यवहाराच्या आरशात

‘जिप’ हे एकटे उदाहरण नाही. पैजेचे पैसे बुडवण्यासाठी इंग्रजीत ‘वेल्श’ हे क्रियापद आहे. ते वेल्स प्रांतातील लोकांच्या नावावरून आले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. घासाघीस करण्यासाठी ज्यूंच्या नावाचेही क्रियापद करण्यात आले होते. मात्र परक्यांच्या भाषेतील दोष दाखवताना स्वतःच्या भाषेकडे डोळेझाक करणे अभ्यासकाला शोभणारे नाही.

भारतात १८७१ मध्ये ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ लागू झाला आणि १९११च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह इतर प्रांतांत वाढली. गुन्हा हा जन्मजात व वंशपरंपरागत असतो, हे या कायद्याचे गृहीतक होते. भारतातील भटक्या जमातींकडे पाहताना इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनात त्यांच्या देशातील जिप्सींची प्रतिमा होती. डेव्हिड मॅक्‌रिची यांनी १८८६ मध्ये ‘भारतातील जिप्सी’ या विषयावर पुस्तकच प्रसिद्ध केले. मुंबई इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’ची माहिती देणाऱ्या एम. केनेडी यांच्या १९०८च्या पुस्तकात भामट्यांवर नोंद आहे. या कायद्याखाली सोलापूरसारख्या ठिकाणी वसाहती उभारून माणसांना हजेरीच्या व कुंपणाच्या जाचात ठेवले गेले. ‘सेटलमेंट’ हा शब्द सोलापूरच्या लोकांना त्यामुळेच परिचित आहे. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या.

महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा जातींचा समावेश असून त्यांत ‘भामटा’ व ‘राजपूत भामटा’ ही नावे आहेत. दुसरीकडे, मराठी वृत्तपत्रांत ‘भामट्याने वृद्धेला गंडा घातला’ अशा आशयाचे मथळे नित्य वाचायला मिळतात. ‘भामटेगिरी’ हे भाववाचक नामही रूढ आहे. ज्या शब्दाने शासन एका समाजाला सवलतीचे प्रमाणपत्र देते, त्याच शब्दाने वार्ताहर आरोपीचे वर्णन करतो. अशा समाजातील विद्यार्थ्याने वर्गात आपल्या जातीचे नाव उच्चारताना काय अनुभवावे, याचा विचार अध्यापकांनी करावयास हवा. ‘उचल्या’ हाही असाच शब्द आहे. लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला तेच शीर्षक देऊन शिवीचे साक्षीत रूपांतर केले. त्या ग्रंथाला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४च्या निकालात कारागृह नियमावलींतील जातिभेदमूलक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या नोंदींवरही बोट ठेवले. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाल्यावरही नियमावलीची भाषा दुरुस्त करावी लागली.

यावर एक आक्षेप घेतला जातो. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरातून ठरतो, मुळावरून नव्हे. बोलणाऱ्याच्या मनात जमातच नसेल, तर अपमान कसला? हा आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. ज्या शब्दांचे मूळ पूर्णतः विझले आहे, त्यांना केवळ व्युत्पत्तीवरून दोषी ठरवणे योग्य नाही. पण ‘जिप’ किंवा ‘भामटा’ यांबाबत मूळ विझलेले नाही. त्या नावांची माणसे हयात आहेत, ती नावे त्यांच्या दाखल्यांवर आहेत, आणि त्यांच्याविषयीचा संशयही टिकून आहे. बोलणाऱ्याचे अज्ञान हे त्याच्या हेतूचे समर्थन ठरू शकेल. ऐकणाऱ्याला होणाऱ्या इजेचे नव्हे.

शिवाय भाषेची गरज म्हणूनही अशा शब्दांचे समर्थन करता येत नाही. मराठीत फसवणे, ठकवणे, गंडवणे, लुबाडणे ही क्रियापदे आहेत. टोपी घालणे, शेंडी लावणे, चुना लावणे, तोंडाला पाने पुसणे असे एकाहून एक सरस वाक्प्रचार आहेत. ते सर्व कृत्याचे वर्णन करतात, कोणाच्या जन्माचे नव्हे. ‘ठकास महाठक’ या म्हणीत तर ठक कोणत्याही जातीचा असू शकतो, आणि महाठकही.

निष्कर्ष

१. फसवणुकीच्या अर्थाचा ‘जिप’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन बोलीत दिसू लागला असून तो ‘जिप्सी’चे संक्षिप्त रूप असल्याचे मत सर्वाधिक ग्राह्य आहे. केंब्रिजमधील सेवकवाचक व दुखण्याच्या अर्थाचे समरूप शब्द त्याहून भिन्न आहेत.

२. जमातीवरील फसवेपणाचा आरोप शब्दापूर्वीचा आहे. तो प्रथम तिच्या नावावर झाला, १५३०च्या कायद्याने त्याला राजमान्यता दिली आणि घोडेबाजाराच्या व्यवहाराने त्याला बोलीत जागा करून दिली.

३. कायदा रद्द होणे आणि त्याची भाषा नाहीशी होणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. १९५६चा जर्मन निकाल आणि २०२४चा भारतीय निकाल या दोन्हींतून हे अंतर स्पष्ट होते.

४. मराठीतील ‘भामटा’ या शब्दाचा वृत्तपत्रीय व शैक्षणिक लेखनातील वापर याच दृष्टीने तपासला जाणे आवश्यक आहे. पाठ्यपुस्तके, प्रश्नपत्रिका व कोश यांच्या संपादनात सहभागी असलेल्या अध्यापकांना ही दुरुस्ती आपल्या पातळीवर सहज करता येण्यासारखी आहे.

फसवणूक हे माणसाचे कृत्य आहे, जमातीचे नाव नव्हे. शब्दकोशात हा भेद जितका स्पष्ट राहील, तितका तो न्यायालयात, पोलीस ठाण्यात आणि वर्गखोलीत पाळणे सुकर होईल.